टॅरेंटुला चावला तर? एका नावाच्या अनेक कोळ्यांचा इतिहास

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी असते. फराळ, प्रवास आणि चुकलेल्या गोळ्या यांचा हिशेब तेव्हा होतो. अशाच एका संध्याकाळी माझ्या एक जुन्या पेशंट रक्तदाब तपासायला आल्या. वय 67. गेली कित्येक वर्षं गोळी नियमित, रक्तदाब 130च्या आसपास. त्या दिवशी वरचा आकडा 170.

मी विचारलं, "काकू, मीठ वाढलंय की काळजी?"

"डॉक्टर, मुलानं कोळी पाळलाय," त्या म्हणाल्या.

मुलगा जर्मनीत असतो. घरात सून आणि चार वर्षांची नात. त्यानं काचेच्या पेटीत एक टॅरेंटुला आणून ठेवला होता आणि व्हॉट्सॲपवर मोठ्या कौतुकानं आईला फोटो पाठवला होता. काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बाहेर वीसेक पेशंट बसलेले. मी फोटोवरून नजर फिरवली आणि सांगून टाकलं, "काही घाबरू नका. हे कोळी दिसायला भयंकर असतात, पण चावले तरी मधमाशीएवढंच दुखतं. माणूस मरत नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या गेल्या.

रात्री जेवण झाल्यावर मला राहवलं नाही. आपण जे इतक्या ठामपणे सांगितलं ते कुठे वाचलं होतं, हेच आठवेना. म्हणून पुस्तकं आणि वैद्यकीय लेख काढून बसलो. दोन दिवस वाचल्यावर कळलं, की माझं उत्तर निम्मंच बरोबर होतं आणि उरलेलं निम्मं त्या घरासाठी महत्त्वाचं होतं. ते निम्मं काय, हे समजायला या कोळ्याच्या नावापासून सुरुवात करावी लागेल.

नाव एका कोळ्याचं, दोष दुसऱ्याचा

इटलीच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रकाठी तारांतो नावाचं शहर आहे. त्या भागातल्या शेतांत जमिनीत बीळ करून राहणारा एक मोठा कोळी सापडतो. शहरावरून त्याला 'टॅरेंटुला' म्हणू लागले. आजच्या वर्गीकरणात तो 'लांडगा कोळी' या गटात मोडतो. आज काचेच्या पेटीत पाळतात तो टॅरेंटुला वेगळाच.

तारांतोच्या परिसरात काही शतकं एक विचित्र आजार प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात, कापणीच्या दिवसांत, शेतात काम करणाऱ्या बाईला किंवा माणसाला काहीतरी चावायचं. मग पोटात कळा, दरदरून घाम, छातीत धडधड, कमालीची अस्वस्थता. काहींना नंतर खोल उदासी यायची. यावर उपाय एकच, संगीत. वादक बोलावले जायचे, वेगवेगळ्या चाली वाजवून बघायचे, आणि एखादी चाल 'लागू पडली' की रुग्ण उठून नाचू लागायचा. तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस, दमून पडेपर्यंत. या आजाराला टॅरेंटिझम म्हणत. 'टॅरंटेला' या इटलीतल्या वेगवान लोकनृत्याचं नावही त्याच शब्दकुळातलं.

17व्या शतकाच्या अखेरीस जॉर्जो बालीवी या इटालियन वैद्यानं या आजारावर सविस्तर लिहिलं. तेव्हाचे मोठमोठे विद्वान कोळ्याचं विष आणि संगीताचे सूर यांचा संबंध जोडण्यात गुंतले होते. मात्र हा लांडगा कोळी चावला तर जागेवर थोडं दुखतं, सूज येते आणि बरं होतं. पोटात कळा, घाम, अंगभर पेटके ही लक्षणं जुळतात ती त्याच शेतांत राहणाऱ्या दुसऱ्याच कोळ्याच्या दंशाशी. तो लहान, काळा, पाठीवर लाल ठिपके असलेला आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या 'ब्लॅक विडो' कुळातला. लहान असल्यामुळे तो चावून निघून जायचा आणि शेजारच्या बिळातला मोठा, केसाळ कोळी लोकांच्या नजरेत भरायचा. दोष त्याच्या माथी.

गोष्ट इथेच संपत नाही. 1959 साली एर्नेस्तो दे मार्तिनो या इटालियन अभ्यासकानं डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि संगीततज्ज्ञ बरोबर घेऊन त्या भागातल्या गावांत जाऊन पाहणी केली. तेव्हाही असे रुग्ण होते. बहुतेक गरीब शेतमजूर स्त्रिया. त्यांचा 'दंश' दरवर्षी जूनच्या सुमाराला पुन्हा 'जागा' व्हायचा, आणि 29 जूनला त्या गालातिना गावातल्या संत पॉलच्या देवळात जमायच्या. विष असं दरवर्षी तारीख बघून उठत नाही. मनातल्या कोंडलेल्या दुःखाला समाजानं दिलेली ती वाट होती. आपल्याकडे अंगात येणं ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे समजायला कठीण जाऊ नये.

तर पहिला धडा असा, की आजार खरा होता, त्रास खरा होता, पण आरोपी चुकीचा होता.

सुरिनामचं चित्र आणि ॲमेझॉनची खाज

युरोपातले लोक अमेरिका खंडात पोचले तेव्हा त्यांना तिथे तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले. त्यांनी ओळखीचं नाव चिकटवून दिलं, टॅरेंटुला. तेव्हापासून ते नाव मूळ मालकाकडून या नव्या कुटुंबाकडे गेलं. शास्त्रज्ञ या कुटुंबाला थेराफोसिडी म्हणतात आणि त्यात आज हजाराहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. एका नावाखाली हजार जाती, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

1699 साली मारिया सिबिला मेरियन ही 52 वर्षांची चित्रकार धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. कीटकांची चित्रं काढायला एखादी स्त्री त्या काळी असा समुद्रप्रवास करते, हेच नवल. आजारपणामुळे तिला दोन वर्षांत परतावं लागलं. 1705 साली ॲमस्टरडॅममध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यातल्या एका चित्रात पेरूच्या झाडावर एक मोठा कोळी छोट्या हमिंगबर्ड पक्ष्याला धरून बसला आहे. 1758 साली लिनियसनं त्या कोळ्याला लॅटिन नाव दिलं, तेही 'पक्ष्यांशी संबंधित' अशा अर्थाचं. पण 19व्या शतकातल्या काही कीटकशास्त्रज्ञांनी मेरियनला खोटं ठरवलं. कोळी कुठे पक्षी खातो का?

तिच्या मदतीला हेन्री वॉल्टर बेट्स आला. हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक 1848 ते 1859 अशी 11 वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. 1863 साली आलेल्या त्याच्या पुस्तकात दोन छोटे पक्षी आणि त्यांना पकडलेला मोठा कोळी यांचं प्रत्यक्ष पाहिलेलं वर्णन आहे. त्याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे त्यानं तिथल्या मुलांना अशा कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून घरभर कुत्र्यासारखं फिरवताना पाहिलं. टॅरेंटुला पाळण्याचा शौक नवा आहे असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट डॉक्टरांच्या कामाची आहे. बेट्सनं पहिला कोळी मारून जतन करायला घेतला तेव्हा तो बेफिकिरीनं हाताळला, आणि पुढचे तीन दिवस त्याचे अतोनात हाल झाले. कोळी तर मेलेला होता, त्यामुळे चावण्याचा प्रश्नच नव्हता. त्रास झाला तो केसांचा.

अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरेंटुलांच्या पोटाच्या वरच्या बाजूला लाखो सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाला टोक आणि उलटे काटे. शत्रू जवळ आला की कोळी मागचे पाय पोटावर भराभर घासतो आणि केसांचा धुरळा हवेत उडवतो. ते कातडीत रुततात, नाकात जातात, डोळ्यांत जातात. कोळ्याच्या पोटावर टक्कल दिसलं तर समजावं, गडी नुकताच कुणावर तरी रागावला होता. खाजकुइलीच्या शेंगेला नकळत हात लागलेल्यांना ही खाज वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणजे लोक घाबरत होते दाताला, आणि त्रास देत होते केस.

स्वतःला चावून घेणारे प्राध्यापक

20व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टॅरेंटुलाच्या दंशानं माणूस मरतो, हा समज पक्का होता. आर्कान्सा विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेअर्ग यांनी तो तपासायचं ठरवलं, आणि तपासायला स्वतःचंच बोट पुढे केलं. ब्लॅक विडो चावून घेतल्यावर त्यांना असह्य वेदनांनी रुग्णालयात राहावं लागलं. पण मोठ्या टॅरेंटुलांचे दंश त्यांना मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या पातळीचे वाटले. 1958 साली त्यांनी या कोळ्यांवर पुस्तक लिहिलं. हे कोळी त्यांनी वर्षानुवर्षं पाळून पाहिले आणि माद्या 20 वर्षांहून जास्त जगतात हेही नोंदवलं.

मी काकूंना सांगितलेलं 'मधमाशीएवढं' हे उत्तर या परंपरेतून आलं आहे. पाठ्यपुस्तकांतून, माहितीपटांतून ते सगळीकडे पसरलं. बेअर्ग यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण त्यांच्याकडचे कोळी अमेरिका खंडातले होते. हजार जातींच्या कुटुंबातल्या मूठभर जातींचं ते उत्तर पुढे सगळ्या कुटुंबाचं होऊन बसलं.

लाल गुडघे आणि चिलीचा गुलाब

1970 आणि 80च्या दशकांत अमेरिका आणि युरोपात टॅरेंटुला घरी पाळण्याचा छंद वाढला. 1984 साली ब्रिटिश टॅरेंटुला सोसायटी स्थापन झाली. या छंदातला पहिला लाडका म्हणजे मेक्सिकोचा 'रेड नी'. काळं शरीर, पायांच्या सांध्यांवर केशरी-लाल पट्टे, स्वभाव शांत, चाल संथ. जाहिरातीत आणि सिनेमात 'भयंकर कोळी' दाखवायचा तर हाच गरीब प्राणी आणायचे.

लाडकेपणाची किंमत त्यालाच मोजावी लागली. रेड नीच्या मादीला वयात यायला बरीच वर्षं लागतात आणि पुढे ती 20-25 वर्षंही जगते. नर वयात आल्यावर फार टिकत नाही. अशा प्राण्याच्या मोठ्या माद्या जंगलातून उचलल्या, तर ती जागा भरायला एक पिढी जाते. 1985 साली रेड नीचं नाव 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं आणि त्याच्या व्यापारावर परवान्याचं बंधन पडलं. त्यानंतर छंदिष्टांनी घरीच पैदास वाढवली. गंमत म्हणजे 2017 साली शास्त्रज्ञांनी या जातींचा नव्यानं अभ्यास केला तेव्हा दिसलं, की 'स्मिथी' या नावानं वर्षानुवर्षं पाळलेले बरेचसे कोळी प्रत्यक्षात 'हॅमोराय' या शेजारच्या जातीचे होते. ज्याच्यावर 30 वर्षं प्रेम केलं त्याचं नावच वेगळं निघालं!

रेड नी महाग झाला तशी 1990च्या दशकात दुसऱ्या लाडक्याची चलती झाली. तो म्हणजे चिलीचा 'रोझ'. तपकिरी अंगावर गुलाबी छटा, काटक प्रकृती, महिनोन्‌महिने उपाशी राहिला तरी चालेल. स्वस्त असल्यामुळे पहिल्यांदा कोळी पाळणाऱ्यांच्या घरी हाच जायचा. मुलांच्या हातावर ठेवून फोटो काढले जायचे.

याच रोझनं डॉक्टरांना एक धडा शिकवला. 2009 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात 29 वर्षांचा एक माणूस लाल, पाण्यानं भरलेला, उजेड सहन न होणारा डोळा घेऊन रुग्णालयात आला. तीन आठवडे झाले होते. डोळे आले आहेत असं समजून प्रतिजैविकाचे थेंब दिले गेले होते, उपयोग शून्य. नेत्रतज्ज्ञांनी भिंग लावून पाहिलं, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसांसारख्या बारीक रेषा रुतलेल्या. हे ऐकल्यावर रुग्णाला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी तो आपल्या रोझची पेटी साफ करत होता. काचेवरचा डाग घासताना मागे हालचाल जाणवली म्हणून वळून पाहिलं, आणि केसांचा धुरळा थेट डोळ्यांत आला. केस इतके बारीक होते की चिमट्यानं काढता येईनात. स्टिरॉइडच्या थेंबांवर उपचार चालू ठेवावे लागले.

इथे कुणाची चूक म्हणायची? डॉक्टरांनी 'घरी कोणता प्राणी आहे का' हे विचारलं नसेल, रुग्णाला ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. लाल डोळ्याचा आणि काचेच्या पेटीतल्या शांत कोळ्याचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? म्हणून मी आता लाल डोळा, अंगावरची खाज किंवा न थांबणारा खोकला घेऊन आलेल्याला घरातल्या प्राण्यांबद्दल विचारतो.

निळा पाहुणा आपल्याच देशातला

आता आपल्या बाजूला येऊ. रेजिनाल्ड पोकॉक हे ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ. 1900 साली त्यांचा हिंदुस्थानातल्या कोळी-विंचवांवरचा ग्रंथ निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आंध्रातल्या गुत्ती गावाच्या नावे एका निळ्या कोळ्याची नोंद केली. तो रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला होता. बहुधा लाकडाच्या ओंडक्याबरोबर दुरून प्रवास करून आलेला. त्यानंतर शंभर वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. 2001 साली तो पुन्हा सापडला, आंध्र प्रदेशातल्या नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. जगात एवढ्याच छोट्या टापूत तो राहतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत बसतो. झाडं तुटली की त्याचं घर गेलं. 2008 साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

याचा रंग धातूसारखा चमकदार निळा. हा रंग कोणत्या रंगद्रव्यामुळे दिसत नाही. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होतो, त्यातून तो दिसतो, मोरपिसासारखा. या रंगामुळे तो छंदिष्टांच्या जगात 'गुत्ती सफायर' म्हणून वेडावून टाकणारा लाडका ठरला. गुत्ती हे गाव कुठे आहे हे माहीत नसलेल्या लोकांच्या युरोप-अमेरिकेतल्या घरांत आज त्याची पिल्लं वाढतात.

तो 'पीसिलोथेरिया' या गटातला. हा गट जगात फक्त भारत आणि श्रीलंकेत आहे. त्यातलाच करड्या-पांढऱ्या नक्षीचा 'रेगॅलिस' आपल्या पूर्व आणि पश्चिम घाटांत सापडतो. झाडावर राहणारे हे कोळी विजेसारखे चपळ असतात. आणि आता मुख्य मुद्दा. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरेंटुलांना ते खाजरे केस नसतात. बचावाला केस नाहीत, तेव्हा पळणं आणि चावणं एवढंच उरतं. या गटाचा दंश मधमाशीएवढा नसतो.

2014 साली युरोपातल्या डॉक्टरांनी एका खात्रीच्या दंशाचं वर्णन केलं आणि तोवर नोंदलेल्या या गटाच्या दंशांचा आढावा घेतला. निम्म्याहून जास्त जणांना स्नायूंत गोळे आले होते. जागेवर दुखणं आणि सूज लगेच येते. पण हे पेटके बऱ्याच तासांनी, कधी अर्धा दिवस उलटल्यावर सुरू होतात, जेव्हा माणूस 'चला, निभावलं' म्हणून निश्चिंत झालेला असतो. काहींना ते पुढे कित्येक दिवस पुन्हापुन्हा येतात. मृत्यूची नोंद नाही. पण चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत 'मृत्यूची नोंद नाही' एवढ्यावर कुठली आजी झोपेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना फोन केला आणि फोटो पाठवायला सांगितला. या वेळी नीट पाहिला. कोळी निळाशार होता. मुलानं नाव विचारून कळवलं, गुत्ती सफायर.

"काकू, परवा मी घाईत सांगितलं. ते सगळ्या कोळ्यांना लागू नाही," मी म्हणालो. मग मुलाशीच बोललो. त्यालाही हे पूर्ण ठाऊक नव्हतं. पेटीला कुलूप, पेटी नातीच्या हाताला न लागणाऱ्या खोलीत, साफसफाई लांब चिमट्यानं आणि कोळी हातावर घ्यायचा नाही, एवढं ठरलं. काकूंचा रक्तदाब पुढच्या भेटीत 138 होता. त्यात गोळीचा वाटा किती आणि कुलपाचा किती, ते सांगता येणार नाही.

विषाचं ऋण

या लाडक्या कोळ्यांकडून वैद्यकशास्त्रानं पुष्कळ घेतलंही आहे. त्याच चिलीच्या रोझच्या विषातून अमेरिकेतल्या बफेलो इथल्या शास्त्रज्ञांनी एक लहान प्रथिन वेगळं केलं. पेशींवर ताण पडला की उघडणाऱ्या दारांना ते अडवतं. 2001 साली त्यांनी दाखवलं, की सशाच्या हृदयात ताणामुळे सुरू होणारी अनियमित धडधड त्यानं कमी होते. 2006 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं त्रिनिदादच्या एका टॅरेंटुलाच्या विषात असे घटक दाखवले, जे मिरचीची आग जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंवरच्या रिसेप्टरलाच चेतवतात. म्हणजे मिरचीनं जीभ पोळते आणि त्या कोळ्याच्या दंशानं आग होते, त्या दोन्हींची घंटा एकच. उष्णता आणि स्पर्श शरीराला कसे कळतात या संशोधनासाठी ज्युलियस यांना 2021 साली आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. टॅरेंटुलाच्या विषापासून बनलेलं औषध अजून दुकानात आलेलं नाही. पण वेदना म्हणजे काय, हे समजायला या विषांनी हातभार लावला आहे.

आपण काय लक्षात ठेवायचं

• कोळी चावला तर जागा साबण-पाण्यानं धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, हात किंवा पाय स्थिर ठेवा. वर घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

• शक्य असल्यास कोळ्याचा फोटो काढा. पाळलेला असेल तर त्याचं शास्त्रीय नाव पेटीवर लिहून ठेवा. 'टॅरेंटुला' एवढं नाव डॉक्टरांना पुरत नाही, हे आता तुम्हीही सांगू शकाल.

• भारत-श्रीलंकेतल्या झाडावरच्या टॅरेंटुलाचा दंश असेल, तर बरं वाटलं तरी पुढचे एक-दोन दिवस लक्ष ठेवा. गोळे आले, छातीत अस्वस्थ वाटलं किंवा मूल चावलं गेलं असेल, तर रुग्णालय गाठा. यावर उतारा-लस नाही. वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं देऊन उपचार होतात.

• अमेरिकेतल्या जातींची पेटी साफ करताना चष्मा आणि हातमोजे घाला. केस डोळ्यांत गेले तर चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. स्टिरॉइडचे थेंब दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नका.

• कोळी उताणा पडलेला दिसला तर मेला समजून फेकू नका, हातही लावू नका. तो बहुधा कात टाकत असतो.

• 'साइट्स'च्या यादीतला परदेशी किंवा देशी जिवंत प्राणी बाळगायचा तर आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद बंधनकारक आहे. पीसिलोथेरिया गटाचं नाव 2019 साली या यादीत आलं. घाटात दिसलेला कोळी बरणीत भरून आणू नका. तो तिथेच शोभतो.

शेवटी तारांतोचा धडा आपल्या दवाखान्यात आणतो. अंगावर पुरळ किंवा फोड उठले, की 'रात्री कोळी फिरला असेल' असं सांगत दर पावसाळ्यात पेशंट येतात. त्यांतल्या बहुतेकांना कोळ्यानं काहीही केलेलं नसतं. कुणाच्या मानेवर चिरडल्या गेलेल्या छोट्या किड्याच्या रसानं कातडी भाजलेली असते, कुणाला जंतुसंसर्ग असतो, आणि कुणाला चक्क नागीण असते. नागिणीवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. कोळ्यावर दोष ठेवून चार दिवस हळद लावत बसलो, तर ती वेळ हातची जाते आणि म्हातारपणी महिनोन्‌महिने ठणका मागे लागतो. तारांतोच्या लोकांनी चुकीच्या कोळ्याला धरलं. आपण तर कधीकधी नसलेल्या कोळ्याला धरतो.

तेव्हा काही चावलं असं वाटलं, तर या, दाखवा. घरात कुठला प्राणी आहे तेही न विचारता सांगा. आणि डॉक्टर घाईत असले तर फोटो पुन्हा एकदा त्यांच्यापुढे धरा. माझ्यापुढेसुद्धा.